चित्रसंयोजनातील नोड : प्रकार आणि क्रम

अभिनेता हिरव्या पडद्यासमोर उभा असतो. प्रेक्षकांना मात्र तो ज्वालामुखीच्या काठावर दिसतो. हे साधणारी 'न्यूक' ही संगणकप्रणाली १९९३ साली अमेरिकेतील डिजिटल डोमेन या संस्थेत निर्माण झाली. तीत प्रत्येक क्रियेसाठी स्वतंत्र घटक असतो. त्यास 'नोड' म्हणतात. 'रीड' नोड चित्र आत आणतो, 'कीअर' हिरवा भाग ओळखून आकृती वेगळी करण्यास साहाय्य करतो, 'ग्रेड' रंगछटा जुळवतो, 'मर्ज' दोन चित्रे एकत्र आणतो आणि 'राइट' सिद्ध झालेले चित्र साठवतो. मर्जपूर्वी अभिनेत्याच्या चित्राला ग्रेड जोडल्यास केवळ त्याचीच छटा बदलते. मर्जनंतर जोडल्यास संपूर्ण दृश्याची. म्हणून प्रकारांइतकाच क्रमही जाणणे अगत्याचे आहे. मूळ चित्र मात्र अबाधित राहत असल्याने क्रम चुकला तरी तो पुन्हा लावता येतो.