स्पर्शाची वर्दी

मोबाइलच्या काचेवर आपण बोट टेकवतो, तेव्हा आतील स्पर्श-नियंत्रक चिप एका तारेवरील विद्युतदाब खाली आणते. प्रोसेसरला मिळालेली ही वर्दी म्हणजेच ‘इंटरप्ट’. ही सोय नसती, तर प्रोसेसरला क्षणोक्षणी चिपकडे विचारणा करावी लागली असती व बॅटरी व्यर्थ खर्ची पडली असती.

वर्दी येताच हातातील काम थांबवून प्रोसेसर ड्रायव्हरमधील इंटरप्ट हँडलर चालवतो. या हँडलरने कशाचीही वाट पाहत थांबता कामा नये. परंतु बोटाचे स्थान तर आयटूसी या मंदगती जोडणीवरून वाचावयाचे असते. सेकंदाला 4 लाख बिट या वेगाने 30 बाइट वाचण्यास सुमारे पाऊण मिलिसेकंद लागतो. प्रोसेसरच्या दृष्टीने हा काळ फार दीर्घ आहे.

म्हणून आपण कामाचे दोन भाग करतो. पहिला भाग वर्दीची केवळ नोंद घेतो; वाचन स्वतंत्र थ्रेड करतो. लिनक्समध्ये ही सोय 2009 साली, 2.6.30 या आवृत्तीत आली. पुष्कळ चिपा माहिती वाचली जाईपर्यंत तार खालीच धरतात. अशा वेळी वाचन संपेपर्यंत ती वर्दी बंद ठेवावी लागते. अन्यथा तीच वर्दी पुनःपुन्हा येऊन थ्रेडला संधीच मिळत नाही आणि यंत्र गोठते.

बोट उचलल्याची वर्दीही तितकीच मोलाची. ती हुकली, तर दाबलेली कळ दाबलेलीच राहते.

विद्यार्थ्यांना आम्ही इतकेच सांगू : वर्दी तत्काळ घ्यावी, काम पूर्ण करावे आणि मगच पुढील वर्दीसाठी दार उघडावे.