आजार लपवू नका, दोघांनी मिळून दवाखाना गाठा



ऊस विकास विभागाच्या पानावर हा विषय पाहून काहींना नवल वाटेल. पण उसात काणी दिसली की आपण लगेच उपटून जाळतो आणि घरातल्या माणसाला गुप्तांगाचा आजार झाला की वर्ष-वर्ष अंगावर काढतो. लाज आडवी येते. म्हणून थोडे स्पष्ट लिहीत आहोत.

बाईच्या अंगावरून थोडे पांढरे जाणे नेहमीचेच असते. पण त्याला घाण वास असेल, खाज असेल, रंग पिवळा-हिरवा असेल, ओटीपोट दुखत असेल, तर दवाखाना गाठावा. पुरुषाला लघवीला जळजळ, पू किंवा जखम झाली तरी तेच. हे सगळेच आजार काही संबंधातून येत नाहीत, तेव्हा उगाच कुणी कुणावर संशय घेऊ नये. मात्र संबंधातून पसरणारा रोग निघाला, तर नवरा-बायको दोघांनी एकाच वेळी औषध घ्यावे. एकट्या बाईने गोळ्या खाल्ल्या, तर रोग फिरून तिच्याकडेच येतो.

काही रोग वरून दिसतच नाहीत. गवताळ वाढीचे बेणे दिसायला चांगले असते, तसेच हे. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर संबंधातून पसरणाऱ्या विषाणूमुळे होतो आणि वर्षानुवर्षे कळत नाही. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिलांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्या गटाची या विषाणूसाठी एकदाच तपासणी झाली, त्यात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. तिशीनंतर तपासणी करून घ्यावी, ती एवढ्यासाठी. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसले, तर एक दिवसही थांबू नये.

पुरुषांची ताकद कमी होण्यामागे पुष्कळदा साखर, रक्तदाब नाहीतर तंबाखू असते. बाजारातल्या वैदूच्या पुड्यांवर पैसे घालवण्यापेक्षा रक्त तपासून घ्या.

आता आपल्या फडातल्या बायांविषयी. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांसाठी राज्य शासनाने २०१९ साली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. साधा जंतुसंसर्ग वेळेवर बरा होतो, त्याला पिशवी काढावी लागत नाही. कुणी तसे सुचवले, तर दुसऱ्या डॉक्टरला अवश्य विचारावे. आपल्या शिवारात टोळी उतरली की विहिरीचे पाणी आणि आडोसा द्या. आजारी बाईचा खाडा धरू नये, असे मुकादमाला बजावा. ऊस आपला आहे, तेव्हा ही जबाबदारीही आपलीच.

जिल्हा रुग्णालयात सरकारी सुरक्षा क्लिनिक असते. तिथे तपासणी व औषध मोफत मिळते आणि नाव गुप्त ठेवतात. पीक जोमात आणि घरधनी-घरधनीण आजारी, असा हंगाम कुणाच्याच कामाचा नाही.