अजिंठ्याचे चित्रकार आणि वाघूरकाठचे रान

हैदराबादच्या पब्लिक गार्डनमधील राज्य वस्तुसंग्रहालयात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती आहेत. त्या पाहताना रेषांचे कौतुक होते. परंतु ज्या रानात बसून कलावंतांनी अशी कामे केली, त्याची आठवण क्वचितच होते. १९५६ पर्यंत अजिंठा हैदराबाद राज्यात होता. लेण्यांखालून वाहणाऱ्या वाघूर नदीच्या नावातच वाघ आहे.

लेण्यांचा आधुनिक जगाला परिचय झाला तोही शिकारीच्या निमित्ताने. मद्रास सैन्यातील जॉन स्मिथ हा अधिकारी वाघाच्या मागावर असता त्याला लेणी दिसली असे सांगतात. दहाव्या लेण्यातील स्तंभावर त्याने २८ एप्रिल १८१९ ही तारीख व आपले नाव कोरले. (प्राचीन वास्तूवर नाव कोरण्याची खोड अद्याप गेलेली नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.) पुढे १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिल यांना प्रतिकृती करण्यास नेमले. त्यांनी अजिंठा गावच्या बारादरीत मुक्काम ठेवून या दरीत अनेक वर्षे काम केले. गिल स्वतः नामांकित शिकारी होते आणि त्या काळी रंगपेटीबरोबर बंदूक नेणे कोणास विचित्र वाटत नसे. त्यांची बहुतेक चित्रे मात्र वाघाने नव्हे, तर लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील १८६६ च्या आगीने नष्ट केली!

१९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्या पथकात नंदलाल बोस, असितकुमार हलदार यांच्यासमवेत हैदराबादचे सय्यद अहमद व मुहम्मद फज्लुद्दीन हेही होते. आतील अंधारात वटवाघळांची वस्ती असे. त्यांच्या विष्ठेने चित्रे डागाळली व प्रतिकृतीकारास कित्येक रेषा अंदाजानेच ओळखाव्या लागत.

आजच्या चित्रकाराला व सहलीच्या शिक्षकांना खरा धोका वाघाचा नसून आग्या मोहोळांचा आहे. कड्याच्या कपारीत ही पोळी लोंबत असतात. जागा निवडण्यापूर्वी वर पाहावे. पोळ्याखाली धूर करू नये, दगड मारू नये, अत्तर लावून बसू नये. माश्या उठल्यास कागद, रंग तेथेच टाकून तोंड झाकावे आणि वेगाने बंद खोलीत वा वाहनात जावे. पाण्यात उडी घेण्याचा उपयोग नाही, माश्या वर घिरट्या घालीत राहतात. नांगी नखाने ताबडतोब खरवडून काढावी. पुष्कळ दंश झाल्यास, अथवा श्वास लागल्यास किंवा चेहरा सुजल्यास, रुग्णास विनाविलंब आरोग्य केंद्रात न्यावे. घरगुती उपायांत वेळ दवडू नये.

वानरांबाबत एवढेच, की ती डब्यासाठी येतात, चित्रासाठी नव्हे. डबा पिशवीत बंद असावा व त्यांना काही खाऊ घालू नये. बिबट्याचा वावर असलेल्या रानात संध्याप्रकाशाच्या मोहाने मागे रेंगाळू नये. सूर्य मावळण्यापूर्वी मुलांची मोजदाद करून परत फिरावे.