मूल गप्प झाले तर



दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांना कुलूप लागते. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. शाळा बुडू नये म्हणून मुले आजी-आजोबांजवळ राहतात. या पाच-सहा महिन्यांत तेरा-चौदा वर्षांचे मूल आतून बदलले तर कोणाच्या ध्यानात येणार? आजी म्हणते, "वयात आलंय, असंच वागणार." शिकवणीसाठी लातूरला खोली करून राहणाऱ्या मुलांचीही तीच गत.

वयात येताना मूल चिडते, हे खरेच. मग नैराश्याचा आजार वेगळा कसा ओळखावा? डॉक्टर मुदत पाहतात. उदासी किंवा चिडचिड जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ, निदान दोन आठवडे टिकली आहे का? आवडीचा खेळ, मित्र, चर्चमधले गाणे सुटले आहे का? झोप, जेवण, अभ्यासातले लक्ष बिघडले आहे का? मोठ्यांमध्ये हा आजार बहुधा उदासी म्हणून दिसतो. या वयात तो पुष्कळदा रागाच्या किंवा सततच्या डोकेदुखी-पोटदुखीच्या रूपाने येतो. म्हणून आपण मुलाला उद्धट, आळशी ठरवून मोकळे होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार निम्मे मानसिक आजार अठराव्या वर्षाच्या आतच सुरू होतात.

आळस हे सात प्रमुख पापांपैकी एक, असे आपण धर्मशिक्षणात शिकवतो. पण पापाला इच्छेची संमती लागते. ज्या मुलाला उठावेसे वाटूनही उठवत नाही, त्याला पापी म्हणणे हा साधा तर्कदोष आहे. "प्रार्थना कमी पडते" हेही कृपा करून म्हणू नका. एलिया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता (१ राजे, अध्याय १९). देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. पुढची वाट त्यानंतर.

मुलाजवळ बसा, कमी बोला, दुसऱ्याच्या मुलाचे मार्क मध्ये आणू नका. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मनावरचे ओझे हलके होते. उत्तर "हो" आले तर मुलाला एकटे सोडू नका, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. फवारणीचे औषध घरात, गोठ्यात उघडे नको. कुलपात ठेवा आणि किल्ली आपल्याजवळ ठेवा.

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. उपचारात बोलणे असते, गरज पडल्यास गोळ्याही. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. मध्येच स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फुकट, मराठीत बोलता येते. आत्महत्येचा प्रयत्न झाला तर पोलिसांच्या भीतीने काही घरे लपवालपवी करतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा व्यक्तीवर खटला न भरता तिची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले आहे.

आजी-आजोबांनो, "तिकडे उगाच काळजी करतील" म्हणून फडावरच्या आईबापांपासून हे लपवू नका, फोन करा. अंबाजोगाईला न्यायला सोबत नसेल तर मला सांगा, मी येईन. बाहेर कोणाला कळणार नाही.

— आपला, फादर