थंडीत बागेतली झाडं का करपतात? (परिसर अभ्यास उपक्रम)



निफाडसारख्या कडाक्याच्या थंडीच्या भागात जानेवारीत कोलियस एका रात्रीत काळा पडतो, क्रोटन पानं गाळतो. मग मुलं विचारतात, "बाई, पाणी तर रोज घालतो, मग झाड का मेलं?" या प्रश्नावर दोन तासिका सहज रंगतात.

आधी एक गंमत सांगा. महाबळेश्वरात पारा शून्याच्या बराच वर असतो, तरी वेण्णा तलावाच्या काठी गवतावरचं दव गोठतं. असं कसं? हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून चार-पाच फुटांवर, पेटीत असतो. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आणि पानं आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडतात आणि आसपासच्या हवेपेक्षा जास्त गार होतात. थंड हवा जड, ती खोलगट जागी साचते. भूगोलात ज्याला दहिवर म्हणतात ते असं पडतं. म्हणजे बातमीतलं तापमान आपल्या कुंडीतल्या पानाचं नसतं बरं का!

हे पटवायला फुकटचा प्रयोग आहे. सकाळी शाळेत येताना मुलांना मैदानातलं उघडं गवत आणि मोठ्या झाडाखालचं गवत हाताने चाचपायला सांगा. उघडं ओलंचिंब, झाडाखालचं बऱ्याचदा कोरडं. झाडाचं छत उष्णता आकाशाकडे जाऊ देत नाही. नाजूक कुंड्या कुठे ठेवायच्या, हे मग मुलंच सांगतात: झाडाखाली, ओसरीत, दिवसभर तापलेल्या भिंतीला लागून.

दुसरा प्रयोग घरी करा. कोलियसचं एक पान रात्रभर फ्रीजरमध्ये, एक बाहेर ठेवा. सकाळी फ्रीजरमधलं पान बाहेर काढलं की थोड्या वेळात लिबलिबीत होऊन गडद पडतं. "बाटली फुटते तशी पेशी फुटते" असं आपण पटकन सांगून मोकळे होतो. पण बर्फ बहुतेक वेळा आधी पेशींच्या मधल्या जागेत होतो, तो पेशीतलं पाणी ओढून घेतो, पेशी आक्रसते आणि तिचं पटल फाटतं. क्रोटन, कॅलेडियमसारख्या उष्ण प्रदेशातल्या झाडांना तर बर्फही लागत नाही. पारा दहाच्या आसपास रेंगाळला तरी ती कुरकुरतात.

मग थंड देशातली झाडं कशी टिकतात? फ्रीजरमध्ये एका वाटीत साधं पाणी आणि एका वाटीत दाट साखरपाणी ठेवा, अर्ध्या-अर्ध्या तासाने बघा. साखरपाणी उशिरा गोठतं. हळूहळू वाढणाऱ्या थंडीत ही झाडं पेशीत साखर साठवतात. ही तयारी व्हायला दिवस लागतात, म्हणून अचानक आलेली थंडी जास्त मारते. याच कारणाने थंडीच्या तोंडावर युरिया टाकू नये, कोवळी पालवी फुटते आणि तीच आधी करपते.

रात्री जुनी चादर किंवा गोणपाट काठ्यांवर टाका, सकाळी काढा. प्लॅस्टिक पानांना चिकटू देऊ नका. माती ओलसर असली की दिवसाची ऊब धरते; द्राक्षबागांत थंडीच्या रात्री पाणी देतात ते यासाठीच. पण कुंडीत चिखल नको, थंडीत पाणी लवकर आटत नाही आणि मुळं कुजतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. करपलेली बोगनवेल किंवा जास्वंद लगेच उपटू नका, छाटूही नका. वाळलेली पानं खालच्या कळ्यांना पांघरूण होतात. फेब्रुवारीच्या शेवटी नखाने साल जरा खरवडा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे, तिथपर्यंतच छाटा. हे काम मुलांकडून करून घ्या. हिरवं दिसल्यावर वर्गात जो गलका होतो तो ऐकण्यासारखा असतो.

डेलियाचा प्रश्न वरच्या वर्गांना घाला. मेक्सिकोचं हे झाड युरोपात हिवाळ्यात कंद काढून कोरड्या वाळूत ठेवतात. आपल्याकडे ते हिवाळ्यातच फुलतं, मग त्याचे कंद आपण कोणत्या ऋतूत जपायचे?