‘व्यसन : नाही’

केसपेपरवर ‘व्यसन : नाही’ हे मीच लिहिलं होतं. विचारलं काय, तर दारू, तंबाखू, विडी. ट्रकड्रायव्हर, मांडीचं हाड मोडलेलं, एमएलसी, म्हणजे पोलीस केस, म्हणून कॉटशेजारी पोलीस. तो वेगळं काय सांगणार?

दुसऱ्या रात्री जांभयांवर जांभया, पण डोळ्याला डोळा नाही. नाकाडोळ्यांतून पाणी. मी सर्दीची गोळी दिली. पहाटे जुलाब लागले. खापर दूधभातावर फुटलं. पाय दुखतोय म्हणून ओरडू लागला तेव्हा ऑर्डरप्रमाणे पेंटाझोसिनचं इंजेक्शन दिलं, आणि अर्ध्या तासात तो कॉटवर तडफडायला लागला. झाडायला आलेल्या मावशी म्हणाल्या, “सिस्टर, एवढ्या उकाड्यात याच्या अंगावर काटा कसा?”

बायकोला व्हरांड्यात नेऊन विचारलं. “राजस्थानच्या फेऱ्या असतात ना, डोड्याचा चहा घेतात. डबा गाडीतच राहिला.” डोडा म्हणजे अफूची बोंडं. त्यात मॉर्फिन असतं, आणि ज्याला त्याची सवय आहे त्याला पेंटाझोसिन उलटं पडतं. उरलासुरला असरही पुसून टाकतं.

नव्या सिस्टरांना आता मी सांगते, ‘नशा करता का’ विचारूच नका. ‘अंगदुखीला, खोकल्याला, झोपेला रोज काय घेता? चुकलं तर काय होतं?’ असं विचारा, तेही पोलीस आणि नातेवाईक दोघांना बाहेर काढून. ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक २०१८ पासून अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली आहे, पण रोज त्याच्या गोळ्या घेणारा स्वतःला व्यसनी समजतच नाही. लघवीच्या साध्या ओपिएट पट्टीवरही ते दिसत नाही. अफू तुटल्याचा त्रास मोजायला ‘काऊज’ नावाचा ११ लक्षणांचा तक्ता आहे, भरायला काही मिनिटं लागतात. ५ पासून सौम्य, १३ पासून मध्यम. मात्र हाड मोडलेल्याची नाडी दुखण्यानंही पळते, तेव्हा नुसती बेरीज बघू नका. जांभया आणि काटा फ्रॅक्चरनं येत नाहीत. दारू तुटलेला बरळू शकतो. अफू तुटलेला बहुतेक वेळा पूर्ण शुद्धीत असतो. आणि त्याचं दुखणं खोटं नसतं. त्याला वेदनाशामक कमी नाही, उलट जास्त लागतं.

सायकियाट्रीचा कॉल जाईपर्यंत आमच्या ड्रायव्हरनं डामाच्या, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी जायच्या, कागदावर सही केली होती. रॉड टाकायचा राहिलाच. स्ट्रेचर लिफ्टपाशी असताना मी त्याच्या बायकोला गाठलं. म्हटलं, मधले दिवस बंद होतं, आता पहिल्याइतका डोडा घेतला तर श्वास थांबू शकतो.

“मग किती देऊ?” तिनं विचारलं. लिफ्टचं दार लागलं.