वारी चुकली तर?

दिंडी निघण्याचे दिवस आले की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न हटकून निघतो. मृगाचा पाऊस लांबला, पेरणी अंगावर आली. नाहीतर घरात म्हातारी अंथरुणाला खिळली. मग वारी चुकली तर दोष लागतो काय?

उत्तर पंढरीतच उभे आहे. पुंडलिकाने आईबापांची सेवा सोडली नाही. दारी आलेल्या देवाला वीट दिली. देव रागावला नाही, थांबला. तेव्हा सेवेचे कारण देवाला मान्य आहे.

एकादशीचेही तसेच. धर्मशास्त्राने आठ वर्षांखालील मुले व ऐंशीवरील वृद्ध यांना उपवासातून मोकळे ठेवले. पाणी, फळे, दूध, औषध यांनी व्रत मोडत नाही. औषध टाळून पुण्य जोडायचे नसते.

२०२० साली महामारीमुळे पायी वारी झाली नाही. एरव्ही आपल्या जिल्ह्यातून पायी जाणाऱ्या मुक्ताईच्या पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या. कारण एकच, माणसांचे जीव राखणे.

पण कारण निराळे, सबब निराळी. ओळखावी कशी? राहिलेले दिवस कोणापायी गेले ते पाहावे. आजाऱ्याच्या उशाशी गेले तर कारण. पारावरच्या गप्पांत गेले तर सबब. पेरणी आटोपली की मागाहून एस.टी.ने निघावे. तेही न जमल्यास दिंडीत आधी निरोप द्यावा आणि घरी रोज हरिपाठ म्हणावा. सूट पायांना आहे, नामाला नाही.

रामकृष्णहरि!